खिल्लारे मामांचे ठोके

खिल्लारे मामा एसटीत मातीचं अर्धं तिकीट काढतात. थापा मारत नाही, मी सोबतच होतो. हातभर लांबीची पत्र्याची नळी, दोन्ही तोंडं मेणानं बंद, आत काळी माती. कंडक्टर म्हणाला, “मामा, हे खाली ठेवा की!”

“खाली धक्के बसतेत. लेकरू झोपेल हाय. हाफ फाडा.”

नांदेडच्या प्रयोगशाळेपर्यंत ती माती खिडकीपाशी बसून गेली आणि मी, डिग्रीवाला इंजिनिअर, दांडा धरून उभा.

आमच्या हिंगोलीचं स्टेशन वाढवायचं चाललं आहे. नवा फलाट, रुळांवरून नवा पादचारी पूल. खांब उभे करण्याआधी खालची जमीन कशी आहे ते बघावं लागतं, आणि आमची काळी माती तर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर्षभर एका जागी म्हणून गप्प बसत नाही. ती तपासायचं काम कागदोपत्री माझ्याकडे आहे. प्रत्यक्षात ते डोंगरकडा गावचे लिंबाजी खिल्लारे मामा करतात आणि मी सह्या करतो.

काम तसं साधं. जमिनीत भोक पाडायचं, त्यात पोलादी नळी सोडायची आणि तिच्यावर वजनदार हातोडा पाडत राहायचं. नळी फूटभर खाली जायला किती ठोके लागले, तो आकडा वहीत लिहायचा. त्या आकड्यावर पुलाचा पाया ठरतो. मामा मोजायला लागले की त्यांना जग दिसत नाही. कुणी म्हणावं, “जय भीम मामा!” तर उत्तर येतं, “सतरा.” “चहा घेता का?” “अठरा.” एकदा एक मोठे साहेब काही विचारायला आले. मामांनी थांबा म्हणून हात वर केला, तो चौतीस ठोके झाल्यावरच खाली आला. साहेबही बिचारे तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे.

दुपारी काम थांबलं की बाजाराकडून शिजलेल्या हळदीचा वास येतो. रूळ तापून थरथरल्यासारखे दिसतात. मामा भोकातून वर आलेली ओली माती तळहातावर घेऊन बसतात. “दोन पुरुष खोल काळी, मंग पिवळी, मंग मुरूम. वर गाड्या पळून राहिल्या साहेब, आन् खाली ही निवांत.” त्यांचा आवाज इतका संथ असतो की फलाट, बाकं, मी, सगळं हळूहळू त्या भोकात उतरतंय असं वाटायला लागतं. मग मीच दचकून सावरतो. दोघांपैकी एकानं तरी जागं राहायला हवं.

मागच्या महिन्यात एका सोमवारी मामा वही घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. “साहेब, पाचव्या भोकाचा आकडा खोडा. माझी मोजणी चुकली.”

मला हसूच आलं. ते बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं.

“तिथं मोठा खांब येनार हाय. लेकरं, म्हातारी मानसं तितूनच जातील. आन् मला म्हाईत न्हाई तेरा का पंधरा.”

“पण काहून चुकली?”

मामांनी वही मिटली. मग तुटक तुटक बोलले. त्यांची एकुलती एक लेक, सुनीता. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, मामा गेले नाहीत. तिचं सासर वाशिमला, नांदेडच्या दवाखान्यात नर्स आहे, दर सोमवारी अकोल्याकडून येणाऱ्या दुपारच्या गाडीनं हिंगोलीवरूनच कामावर जाते. दोन वर्षं बापलेकीत शब्द नाही.

“बोलनं मीच बंद केलं. आता कसं सुरू करावं, समजून न्हाई राहिलं.”

“म्हणून हे काम मागून घेतलं?”

“व्हय. दर सोमवारी गाडीकडं पाठ करून मोजत होतो. आज मान वळली.”

मला फार वाईट वाटलं. ह्या माणसाला मी वेडसर समजत होतो.

शेजारी नवं भोक पाडायचं ठरलं. मी मुद्दाम पुढचा सोमवार धरला. त्या संध्याकाळी भोक पाडायचं यंत्र मामांसकट परभणीच्या कामावर जाणार होतं, म्हणजे मामांचा हिंगोलीतला तो शेवटचा सोमवार. गाडी आली तेव्हा मोजणी ऐन रंगात होती.

“मामा, मी मोजतो. तुम्ही जा.”

“जमंल?”

“इंजिनिअर आहे मी!”

“सहा झाले,” एवढं सांगून ते निघाले.

सात. आठ. मामा टोपी हातात घेऊन एकेका खिडकीशी थांबत होते. नऊ. तिसऱ्या डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्यानं मामांची बाही गच्च धरली. मामांनी खिडकीच्या गजांना कपाळ टेकलं. गाडी सुटली तरी ते चार पावलं तिच्यासोबत चालत गेले.

परत आले ते डोळे पुसतच. “किती झाले साहेब?”

हातोडा पडतच होता. “मामा, माझी मोजणी चुकली.”

मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. मामांनी हात वर करून हातोडा थांबवला.

“मंग परत पाडू,” ते म्हणाले. “पर सोमवारीच. पुढच्या बारीला उतरते म्हनली.”

मी परभणीला फोन लावला आणि सांगितलं, यंत्र अजून आठ दिवस येत नाही, हिंगोलीची जमीन जरा अवघड निघाली.