पहिल्या खुर्चीतला आशीर्वाद

"यंदा बघाच, ताई," खामपानआजोबांनी शेजारच्या चांसोमआजींना कुंपणावरून बजावलं. "माझा आशीर्वाद पुरा ऐकल्याशिवाय कुणी जागचं हलणार नाही. विहारातली पहिली खुर्ची मी धरणार."

आजी काहीतरी म्हणणार होत्या, पण आजोबा तोवर आत गेलेही.

सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या सणाला गावातली म्हातारी माणसं विहारात ओळीनं बसतात. बाकीचे गुडघ्यांवर येऊन एकेकाच्या ओंजळीत मोगऱ्याचं पाणी ओततात, आणि समोरच्याचा आशीर्वाद संपेपर्यंत मान वर करत नाहीत. गेल्या वर्षी आजोबा ओळीच्या शेवटी होते. तिथवर येईतो लोकांकडचं पाणीही संपलेलं आणि दमही. दोन थेंब टाकून जो तो पसार. "सुखी राहा" हे आजोबांनी बहुतेक लोकांच्या पाठींनाच सांगितलं.

आजोबांनी उभा जन्म वडापची गाडी चालवली आणि गाडी चालवताना तोंड चालवलं. आता नजर अधू झाली, गाडी अंगणात गंजली, बायको वारली, आणि मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, यंदा ओव्हरटाइम आहे." संध्याकाळी ते त्या बंद गाडीत जाऊन बसत आणि शेजारच्या रिकाम्या सीटला दिवसभराचं सांगत. सीट ऐकून घ्यायची, पण "मग पुढं?" असं काही विचारायची नाही. आजोबांना त्या "मग पुढं?"ची भूक लागली होती.

तर सणाच्या दिवशी त्यांनी उजाडताच पहिली खुर्ची पटकावली. पहिली आली बँकॉकहून आलेली पिम. तिनं पाणी ओतलं, मान खाली घातली.

"सुखी राहा," आजोबा म्हणाले. "तुझ्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा ती माझ्याच गाडीत होती. वाटेत पूल वाहून गेलेला. मी गाडी वळवली..."

पूल झाला, चिखल झाला, चाक रुतलं. पिम कुजबुजली, "आजोबा, पायाला मुंग्या आल्यात."

"थांब जरा. तू अजून जन्मली नाहीस."

पिम जन्मली आणि लंगडत पुढं गेली. तिच्यामागून पंक्चरवाला आला, त्याला त्याच्या बापाची डुकरं गाडीतून सुटल्याची हकिकत मिळाली. रांग मारुतीच्या शेपटासारखी दाराबाहेर आंब्यापर्यंत गेली. पुढच्या खुर्च्यांवरचे म्हातारे कोरडी ओंजळ धरून डुलक्या काढू लागले.

शेवटी सरपंच विरात उठले. नुकतंच त्यांनी "ज्येष्ठ म्हणजे गावाचा पाया" असं भाषण ठोकलं होतं आणि माईक अजून हातातच होता. त्या पायाला जरा आवरतं घ्यायला सांगावं म्हणून ते आले. पण वडीलधाऱ्यांशी उभ्यानं कसं बोलायचं? ते गुडघ्यांवर बसले. कुणीतरी हातात पाण्याची वाटी दिली आणि सवयीनं त्यांनी ती ओतली. संपलं! सापडले.

"सुखी राहा, विरात. सैन्यभरतीच्या सोडतीत तुझी लाल चिठ्ठी निघाली, फौजेत जाणं आलं, आठवतं? माझ्या गाडीत हमसून हमसून रडलास. नाक माझ्या शर्टाला पुसलंस. मग मी तुला शेवया खाऊ घातल्या."

माईकनं हे सगळं आंब्यापर्यंत पोचवलं. गाव पोट धरून हसलं. सरपंच मान खाली घालून लाल झाले, पण उठता येईना.

इतक्यात भिक्खूंच्या जेवणाची घंटा झाली. मध्यान्ह टळली की त्यांना घास घेता येत नाही, त्यामुळे सगळं गाव वाढायला धावलं. सरपंचांनी धावता धावताच "समारंभ संपन्न झाला" असं जाहीर केलं. नातवंडांनी आपापल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून नेलं. त्यांचे कोरडे हात बघून आजोबांना एकदम लाजल्यासारखं झालं. आपल्या पोटभर बोलण्यात इतक्यांचा सण बुडाला होता.

ओळीत एकट्या चांसोमआजी उरल्या होत्या. त्यांना न्यायला कुणी नव्हतं.

"ताई, तुमच्या हातावर..."

"थेंब नाही."

आजोबांनी तळाशी उरलेलं पाणी वाटीत घेतलं. आजी वयानं मोठ्या, तेव्हा गुडघे टेकणं आलंच. कण्हत कण्हत ते खाली बसले, पाणी ओतलं, मान झुकवली.

"सुखी राहा," आजी म्हणाल्या. "शाळेत स्वयंपाकीण म्हणून अख्ख्या गावाला मी भात वाढला, खामपान. तू जेवलीस का, असं एकानं विचारलं नाही."

"मी तेच म्हणतो ताई, एकदा माझ्या गाडीत..."

"गप. आशीर्वाद चाललाय." आजींनी त्यांची मान पुन्हा खाली दाबली. "रोज तुझ्याच गाडीनं बाजाराला जायचे मी. जाताना तू बोलायचास, येताना तू बोलायचास. तेव्हापासूनचं साठलंय."

आजोबांचे गुडघे ठणकत होते. बाहेर पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती.

"मग पुढं?" आजोबा म्हणाले.

"पुढचं नंतर," आजी म्हणाल्या. "आधी माझं लहानपण."