तारेची घासणी आणि देवदूताचा पाय

माझ्या हातून डाग सुटत नाही. अठरा वर्षं या चर्चची झाडलोट करतेय. मेणाचे, काजळीचे, कबुतरांचे, सगळे डाग मला टरकून असतात. म्हणून लेकीचं लग्न ठरल्यावर विहीणबाईंच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि सहज म्हटलं, "इथे राहिलंय." त्यांचं तोंड एवढंसं झालं. मी काय करू? खिडकी माझी नव्हती.

लग्न रविवारी, आमच्याच चर्चमध्ये. विहीणबाईंना त्यांच्या घराजवळचा हॉल हवा होता, मी दाद दिली नाही. वेदीशेजारच्या भिंतीवर देवदूतांचं साडेतीनशे वर्षांचं चित्र आहे आणि त्याखाली दगडी पट्टी. लेक लहानपणी माझ्याबरोबर झाडायला यायची, तेव्हापासून तिला लग्न त्या देवदूतांसमोरच करायचंय. आणि नेमका त्याच दगडावर तपकिरी डाग उमटला.

मी घासला, गेला. आठवड्याने पुन्हा हजर, आधीपेक्षा मोठा. मी दुप्पट घासला, तो चौपट झाला. महिन्याभरात एका देवदूताच्या पायाला टेकला, तेव्हा फादर घाबरले आणि त्यांनी जुनी चित्रं जपणारी कुणी तज्ज्ञ बाई बोलावली.

काय तो थाट! गळ्यात भिंग, डोक्याला दिवा. सकाळभर नुसती डागाकडे बघत बसली. तेवढ्या वेळात मी अख्खं चर्च पुसून घरी गेले असते.

"हा गंज आहे," शेवटी ती म्हणाली. "भिंतीत पाणी मुरत असावं, त्याबरोबर दगडातलं लोखंड बाहेर येतंय. चित्र वाचवायचं तर भिंत तपासावी लागेल. तीन महिने चर्च बंद."

"रविवारी माझ्या लेकीचं लग्न आहे."

"माझा नाइलाज आहे."

म्हणे दगडात लोखंड. शिकून शिकून माणसाचं डोकं फिरतं ते असं.

फादरांनी विहीणबाईंना फोन केला. त्यांचा आनंद मला लांबून ऐकू आला. उद्या सकाळी येऊन हॉलचं पक्कं करू, म्हणाल्या. लेक घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

संताप आला की मी भांडी घासते. बेसिनवरची तारेची घासणी उचलली. ती जिथे ठेवते, तिथे पांढऱ्या कडेवर गोल तपकिरी डाग होता. अगदी तोच रंग. चर्चमध्येही माझी हीच घासणी.

सकाळी सगळे भिंतीपाशी जमले. गप्प बसले असते, तर माझी अब्रू वाचली असती. पण लेकीचे डोळे सुजलेले होते.

"पाणीबिणी काही मुरत नाहीये," मी म्हटलं आणि पिशवीतून घासणी काढली. "तो डाग माझा आहे."

तज्ज्ञ बाईने डागाजवळ लोहचुंबक धरलं. दगडाच्या छिद्रांतून केसाएवढे तारेचे तुकडे निघून त्याला चिकटले.

"तुम्ही घासत होतात तसं लोखंड आत भरत होतं," ती म्हणाली. "ओल लागली की गंजणारच."

"मग लग्न?"

"होऊ दे. चित्राचं मी बघते. पट्टीतला एकेक तुकडा तुम्ही चिमट्याने काढायचा. पाणी नाही आणि घासणं तर नाहीच."

चार दिवस मी गुडघ्यांवर होते. विहीणबाई रोज आल्या, मदतीला म्हणे. खुर्ची टाकून बसायच्या, हातात बॅटरी. शनिवारी शेवटचा तुकडा काढून मी कंबर धरत उठले. त्यांनी दगडावरून सावकाश उजेड फिरवला, मग बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"इथे राहिलंय."

मी वाकून पाहिलं. राहिलं होतं.