आधी चांगलं सांगते

मालतीकाकू मयताच्या घरी भेटायला गेल्या तरी परीक्षण करतात.

मागं आमच्या कॉलनीतले एक निवृत्त इंजिनियर वारले. आम्ही बायका भेटायला गेलो. उदबत्तीचा वास, भिंतीला टेकून बसलेल्या सुना, सगळ्यांच्या नजरा फरशीवर. काकूंनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "आधी चांगलं सांगते. माणसं लई जमली होती. रस्ता बंद पडला होता." सुनांनी कृतज्ञतेनं माना डोलावल्या. मी डोळे मिटून घेतले, कारण पुढचं मला ठाऊक होतं. "पण भाषणं लांबली. अन् त्या शेवटच्याला तर मयताचं नावसुद्धा येत नव्हतं."

खरंच येत नव्हतं. रडून रडून थकलेल्या थोरल्या सुनेला हसू फुटलं आणि तिनं ते पदरात कोंबलं.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं की मुलांना आधी चांगलं सांगावं, मग चूक दाखवावी. बाकीचे शिक्षक ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरले. काकूंनी ते साऱ्या सृष्टीला लागू केलं. भाचीला बघायला आलेल्या मुलाविषयी घरच्यांनी मत विचारलं, तर म्हणाल्या, "आधी चांगलं सांगते. मुलाचे वडील छान आहेत." माझे पोहे खाऊन म्हणाल्या, "प्लेट सुरेख आहे, रेखा." मी गाडी चालवायला शिकले तेव्हा मोठ्या हौसेनं पहिली चक्कर त्यांना मारून आणली. उतरताना म्हणाल्या, "आधी चांगलं सांगते. हॉर्न छान वाजवतेस." आणि पुढं काही न बोलता घरात गेल्या. त्या दिवशी मी पुन्हा ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं.

साऱ्या नांदेडला गुण देणाऱ्या या बाईचं एक काम मात्र काही केल्या होत नव्हतं. त्यांना लातूरच्या अण्णांना आपल्या घरी राहायला आणायचं होतं.

अण्णा म्हणजे काकांचे दोस्त. काका पाटबंधारे खात्यात होते. त्यांची नोकरी लातूरला, काकूंची शाळा नांदेडला. म्हणून काका शनिवारी यायचे आणि सोमवारी सकाळी काकूंनी दिलेला डबा घेऊन बस पकडायचे. लातूरला ते आणि अण्णा दोन खोल्यांत एकत्र राहत. अण्णा एका कॉलेजात ग्रंथपाल, निलंग्याकडचे, जन्माचे ब्रह्मचारी. काका गेले तेव्हा अण्णा आले, तेरा दिवस कोपऱ्यात बसून राहिले आणि निघून गेले. आता ते बाथरूममध्ये पडून कंबरेचं हाड मोडून घेऊन बसले होते. पुतण्यांनी त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं पक्कं केलं होतं.

काकूंनी पुढची खोली रिकामी केली. कमोड बसवला. भिंतीला धरायच्या दांड्या लावल्या. रोज सकाळी त्या लातूरला फोन करायच्या, आणि रोज सकाळी पलीकडून एकच उत्तर यायचं, "बेडा, वहिनी. बेडा." बेडा म्हणजे कानडीत नको. अण्णांच्या घरात दोन्ही भाषा चालायच्या, पण नकार कानडीतच यायचा.

इकडं हैदराबादहून मुलगा ओरडायचा, "आई, परका माणूस घरात ठेवणार तू? लोक काय म्हणतील?"

"आधी चांगलं सांगते," काकू म्हणाल्या, "तुझा आवाज एकदम स्पष्ट येऊन राहिलाय." आणि फोन ठेवला.

अशात ती सिरियल आली.

दोन पुरुषांच्या प्रेमाची. इतका गाजावाजा की विचारू नका. पेपरात ती, मोबाईलवर ती, माझ्या भाचीच्या स्टेटसला ती. कुणी म्हणे क्रांती झाली, कुणी म्हणे संस्कृती बुडाली. दोन्ही बाजूंच्या निम्म्या लोकांनी ती बघितली नव्हती, त्यामुळे वादाला चांगली धार होती. आमच्या कॉलनीत तर एकीनंही मुद्दाम बघितली नाही. सगळ्यांकडं ती चुकून लागली. चुकून लागलेली सिरियल चुकून शेवटच्या भागापर्यंत जाते, ही आमच्या भागातल्या इंटरनेटची खासियत आहे.

महिला मंडळाच्या अध्यक्ष कांबळे मॅडम. सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या, त्यामुळे कुठल्याच विषयाला लाजत नाहीत. "चोरून बघताय तर उघड बोलू की," म्हणाल्या. "माणसंच आहेत ती." या महिन्याच्या सभेत सिरियलवर चर्चा ठरली. वक्त्या मालतीकाकू. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही जमली नव्हती इतकी गर्दी जमली. चिवडा कमी पडला.

सिरियलची गोष्ट अशी. डोंगरातलं गाव. एक आर्किटेक्ट, लग्न झालेला. एक सतारी दुरुस्त करणारा, एकटा. बायको शहरात; इथं दोघांचं जुळतं, वरच्या भाड्याच्या खोलीत एकत्र राहतात. शेवटी शेवटी बायकोला कळतं. ती पिवळ्या साडीत रडते, दोघांना आशीर्वाद देते आणि बसमध्ये बसून जाते.

"आधी चांगलं सांगते," काकूंनी सुरुवात केली. "त्यांचं बघणं चांगलंय. एकमेकांकडं बघतात ना, ते खोटं वाटत न्हाई. कुठं टिंगल न्हाई, कुठं चोरासारखं दाखवलं न्हाई. ओल्या टॉवेलवरून भांडतात, तेही खरंय. संसार म्हटलं की ओला टॉवेल आलाच."

टाळ्या पडल्या. कांबळे मॅडमनी सर्वांत जोरात वाजवल्या.

"पण," काकू म्हणाल्या, आणि टाळ्या थांबल्या, "हा आर्किटेक्ट कामावर कधी जातो? एकदाच गेला, तेबी राजीनामा द्यायला. कुणी रडलं की लगेच पाऊस. असं असतं तर लातूरला टँकर कशाला लागले असते? बायांना रडायला बसवलं असतं रांगेनं. अन् घर भाड्याचं, तर घरमालक कुठंय? दोन बाप्ये वर एकत्र राहून राहिलेत, अन् घरमालक एकदाही जिना चढून येत न्हाई? लेखक कधी भाड्यानं राहिला न्हाई वाटतं."

बायका हसून लोटपोट. काकूंना मात्र हसू आलं नाही. त्या थांबल्या होत्या.

"अन् ती बाई. बसमध्ये बसली, पुढं काय झालं तिचं?"

"काकू, ती काय हिरोईन थोडीच आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "तिचं काम संपलं."

"काम संपलं?" काकू म्हणाल्या. पुढं बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. परीक्षण अर्धवट सोडून त्या खाली बसल्या. असं मी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. "गाडी काढ, रेखा. लातूरला जायचंय. पुतणे या आठवड्यात अण्णाला नेऊन सोडणारेत. तुझा टॅबलेट पण घे. अण्णानं ती सिरियल बघितली न्हाई."

"काकू! त्या म्हाताऱ्या माणसाला ही सिरियल दाखवणार तुम्ही?"

"मग काय आस्था चॅनलवरचं प्रवचन लावून देऊ?"

लोहा, अहमदपूर, चाकूर. वाटेत चहालासुद्धा थांबू दिलं नाही. अण्णांनी वॉकर सरकवत दार उघडलं. किडकिडीत, स्वच्छ, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस. खोलीत भिंतीभर पुस्तकं आणि दोन कॉट. कानडी धाटणीत त्यांनी आमची विचारपूस केली, आणि काकूंनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "बेडा, वहिनी. पुतण्यांनी पैसे भरलेत."

"मी न्यायला आलेच न्हाई," काकू म्हणाल्या. "सिरियल बघायला आले."

मी पाण्याच्या तांब्याला टेकवून टॅबलेट उभा केला. आधीचे भाग काकूंनी तोंडीच सांगितले, भराभर, धड्याचा सारांश सांगावा तसे. "एक लग्नाचा, एक बिनलग्नाचा. दोघांचं प्रेम. आता पुढं बघा." अण्णांची मान खाली गेली. काकूंनी पिवळ्या साडीचा भाग लावला. बाई पडद्यावर रडायला लागली.

"तिला आत्ता कळलं असं दाखवलंय," काकू म्हणाल्या. "सिरियल इथं फसली."

"का?" अण्णांचा आवाज जेमतेम आला.

"बायकोला असं शेवटी शेवटी कळत नसतं, अण्णा. पहिल्या वर्षीच कळतं. सोमवारी सकाळी बस गाठायला नवरा कसा निघतो, त्यावरून कळतं."

टॅबलेटचं चार्जिंग किती उरलंय ते मी बघू लागले. आयुष्यात मी ते इतकं मन लावून कधी बघितलं नव्हतं.

अण्णांनी विचारलं, पडद्यावरच्या बाईबद्दल विचारावं तसंच, "मग ती बोलली का न्हाई?"

"कुणाशी बोलणार? बरं, माणूस वाईट नव्हता. पोराचा अभ्यास घ्यायचा. तिला कधी तोडून बोलला न्हाई."

"राग न्हाई आला तिला?"

"आला की. लई आला. सोमवारचा डबा ती दोघांपुरता द्यायची ना? एक अख्खं वर्ष तिनं भाजीत मीठ घातलं न्हाई."

अण्णांनी वॉकर दोन्ही हातांनी धरला. "वहिनी," ते म्हणाले, "मी वरून मीठ घ्यायला लागलो की ते म्हणायचे, बेडा. असंच खा. तिनं दिलंय ते खा."

पडद्यावर ती बाई बसमध्ये चढत होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"रिटायर झाल्यावर दर महिन्याला पेन्शनच्या कामाला लातूरला यायचे," काकू हळूच म्हणाल्या. "पेन्शन नांदेडच्या बँकेत जमा व्हायची, अण्णा. पासबुक मीच भरून आणायची."

अण्णांनी तोंड हातांत लपवलं. "तुमच्या घरात कोणत्या तोंडानं येऊ मी?"

"आहे त्या तोंडानं या. अन् उपकार म्हणून बोलवत न्हाई मी. पोरगा बापाच्या फोटोला हार घालतो अन् ऑफिसला पळतो. कॉलनीतल्या बायांना 'आमचे हे' म्हटलं की त्या आपापल्या 'ह्यां'चं सुरू करतात. मी ह्यांचं नाव काढायचं तर कुणापुढं काढू? ह्यांना ओळखणारी आपण दोघंच उरलोत."

अण्णांनी मला गोळ्यांची पिशवी कुठं आहे ते सांगितलं. पुतण्याला फोन केला. "दोन दिवसांपुरता जाऊन येतो," म्हणाले. काकूंनी कपाटातले सगळे सदरे पिशवीत भरले, आणि त्याला ते नको म्हणाले नाहीत.

परतताना दोघं मागच्या सीटवर बसले. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. मग काकूंनीच काहीतरी बोलायचं म्हणून विषय काढला, "उद्या कारलं करते. ह्यांना लई आवडायचं. शनिवारी आले की मी कारलंच करायची."

"न्हाई आवडायचं," अण्णा म्हणाले.

"काय?"

"कारलं. अजिबात न्हाई. लातूरला तर आणूसुद्धा द्यायचे न्हाईत."

"काहीतरीच! दोनदा वाढून घ्यायचे की ओ!"

"हाव. मी विचारलं होतं एकदा, कशाला खाता म्हणून." अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "म्हणाले, तिला वाटतं मला आवडतं. तेवढं तरी मला तिच्यासाठी करता येतं."

मी आरशात बघितलं. काकूंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि त्या समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होत्या. इतक्या शनिवारांची कारली एकदम आठवायची म्हणजे वेळ लागणारच. लोह्याच्या अलीकडं त्यांनी पदरानं नाक पुसलं.

"अजून काय काय आवडायचं न्हाई त्यांना?" त्यांनी विचारलं.

"लई हाय," अण्णा म्हणाले. "नांदेड अजून किती लांब आहे?"

मी गाडी जरा हळू घेतली.