तातेरावांचं उभं आंदोलन

राज्याची आंध्र-तेलंगणात वाटणी झाली होती आणि सरकारी नोकरांपैकी हैदराबादेत कोण राहणार, तिकडे आंध्रात कोण जाणार, त्याची यादी निघायची होती. नेमकं त्याच दिवसांत तातेरावांना खुर्चीत बसवेना. माकडहाडापासून पुढच्या बाजूला, म्हणजे जी जागा बायकोलासुद्धा बोटाने दाखवता येत नाही, तिथे कळ उठायची. तपासण्या केल्या, सोनोग्राफी केली, सगळं साफ! मग काय करणार बिचारे? कपाटावर फायली ठेवून उभ्यानेच काम करू लागले.

तिसऱ्या दिवशी युनियनचे हिम्मतराव आले. "का हो तातेराव, बसत नाही का?"

"नक्को. नाही बसायचं."

"यादी निघेपर्यंत?"

खरं सांगायचं तर दुखण्याची जागाही सांगावी लागणार! तातेरावांनी नुसती मान डोलावली. झालं! तासाभरात ‘उभं आंदोलन’ म्हणून गळ्यात हार पडला, घोषणा झाल्या आणि दुपारपर्यंत अख्खा सेक्शन उभा.

घरी विठाबाईंनी कपाळावर हात मारला. "दुखणं सांगायची लाज वाटते, अन् हार घालून घ्यायची नाही वाटत? चला गुमान!"

त्यांनी नवऱ्याला दिलसुखनगरला पद्मावतीबाईंकडे नेलं. त्या व्यायामाने दुखणी बरी करत.

"कंबर," तातेराव पुटपुटले.

बाईंनी कंबर तपासली. "ही तर ठणठणीत आहे."

"बसायच्या जागी, आतून!" विठाबाईंनी एकदाचं सांगून टाकलं.

बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. "ओटीपोटाच्या तळाशी स्नायू असतात. धास्तीनं माणूस ते मुठीसारखे आवळून धरतो अन् मग ते ठणकतात. कधीपासून आहे?"

"बदलीचा फॉर्म भरला तेव्हापासून."

"हौ, मग बरोबर. पोटात श्वास घ्या, खाली सैल सोडा. लघवी दाबून धरू नका."

महिनाभर बाईंनी एकेक आखडलेला स्नायू मोकळा केला. कळ गेली. पण आता बसायचं कसं? बसले की गद्दार! खुर्ची समोर आणि तातेराव तिच्याकडे नुसते बघत उभे. पाय सुजले, डोळ्यांत पाणी यायचं.

उपचाराच्या शेवटच्या दिवशी ते बाईंच्या बाकावर पाठ टेकून, मनसोक्त बसले होते. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि हिम्मतराव बाहेर आले. तातेराव ताडकन उठले.

"साहेब, ते... मी..."

हिम्मतरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बसा हो. तुम्हाला हार घातला ना, तेव्हा मलाच बसवत नव्हतं. एकट्यानं उभं राहायची लाज वाटत होती."

"मग आता?"

"बाई म्हणतात, आता हळूहळू बसायला लागा." हिम्मतराव जपून त्यांच्या शेजारी टेकले. "उद्यापासून आपण बैठा सत्याग्रह करू."