अली की टायसन, पण हळू आवाजात

भांडण मिटवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं! माहेरी दोन भावांची आणि ऑफिसात दोन साहेबांची भांडणं मी चहा गार व्हायच्या आत मिटवलेली आहेत. त्यामुळे रविवारी दुपारी सासरे बॅग भरायला लागले तेव्हा मी मुळीच घाबरले नाही. (खोटं. मी आधी त्यांच्या चपला लपवल्या.)

कारण बाळंतपणाची रजा संपून दुसऱ्या दिवशी मी कामावर रुजू होणार होते, आणि आमच्या लेकीला सांभाळू शकेल असा जगात एकच माणूस होता. हेच सासरे! माझ्या मांडीवर ती धनुष्यासारखं अंग ताणून रडते आणि त्यांच्या खांद्यावर ओल्या टॉवेलसारखी पडून राहते.

"बाबा, निघालात कुठे?"

"थोरल्याकडे. ज्या घरात अलीपेक्षा टायसन मोठा, त्या घरात मला घास जाणार नाही."

तर असं प्रकरण! बापलेक दोघेही बॉक्सिंगचे वेडे. दोघांनीही आयुष्यात डास सोडून कोणाला मारलेलं नाही. बाबा अलीच्या बातम्या वाचत मोठे झाले, नवऱ्याने टायसनच्या जुन्या कॅसेटी झिजवल्या.

"विसाव्या वर्षी जगज्जेता झाला तो!" नवरा आतून ओरडला. "तुमचा अली त्याच्यापुढे दोन राउंड टिकला नसता!"

"अरे, आमच्या वेळी पंधरा राउंड असायचे! तुमचं बारात आटोपतं!"

'आमच्या वेळी' हे दोन शब्द कानावर पडले की हल्ली मला धस्स होतं. लेक झाल्यापासून येणारा-जाणारा मला तेच ऐकवतो. आमच्या वेळी कुठे होते डायपर? आमच्या वेळी नव्हतं हो असं रात्र रात्र रडणं! मी आपली उभी, हात खाली सोडून, ठोसे खात.

पण ते असो. मी योजना काढली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दोघांनी करून दाखवा. मी पंच, मी देईन तो निकाल. पण आवाज अजिबात नको, ती आत्ताच झोपलीय!"

बाबांनी कवळी काढून पेल्यात ठेवली आणि ओव्हनचे हातमोजे चढवले. नवऱ्याने हातांना लेकीच्या चिमुकल्या उशा बांधल्या. बाबा चवड्यांवर नाचू लागले. घरात आवाज काय तो त्यांच्या गुडघ्यांचा! नवरा सोफ्याखाली हरवलेलं काहीतरी शोधत असल्यासारखा वाकून पुढे सरकत होता. मी मधे हात हलवत, ओठांनीच "एक, दोन, तीन" करत होते.

खिडकीचा पडदा त्या दिवशी धुवायला काढलाय, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. लेकीने त्यावर दूध काढलं होतं. समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंना काय दिसलं असेल? तरणा मुलगा म्हाताऱ्या बापावर धावून जातोय आणि सून मधे उभी राहून मजेत मोजतेय!

बेल वाजली! लेक जागी झाली! दारात औषधांची पेटी घेऊन नर्सबाई, मागे काठी घेऊन वॉचमन.

"काका, कुठे लागलं? भांडण कशावरून?"

बाबांची कवळी पेल्यात. त्यात धाप. "आली!" ते म्हणाले. "सगळं आलीवरून!"

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वॉचमननेही.

"म्हणजे ही आली तेव्हापासून?"

"आलीने भल्याभल्यांना लोळवलंय!" बाबा हातमोजा नाचवत म्हणाले. वॉचमन माझ्यापासून एक पाऊल मागे सरकला. "आणि हा म्हणतो, आली दोन राउंडसुद्धा टिकणार नाही!"

नर्सबाईंनी पेटी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "टिकशील गं. वाटत नाही, पण टिकतात सगळ्या."

झालं! मला रडूच फुटलं. खुलासा करायचा सोडून मी हुंदके देत बसले. इतक्या महिन्यांत हे एक वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं. आतून लेक रडतेय, बाहेर मी, आणि उशा बांधलेला नवरा कोणाकडे जावं ते न कळून दोघींच्या मधे उभा!

बाबांनी कवळी बसवली, लेकीला हातमोज्यांसकट खांद्यावर घेतलं आणि सगळा उलगडा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझ्या सासूच्या वेळी मदतीला घरभर बायका होत्या. तू एकटी लढतेस. रिंगच वेगळी, तुलना कसली करायची?"

नवऱ्याने लगेच बोट उचललं, म्हणजे उशी उचलली. "बघा! वेगवेगळ्या काळांची तुलना होत नाही, तुम्हीच म्हणालात!"

"आयांची होत नाही. बॉक्सरांची होते! आणि निकाल लागल्याशिवाय मी या घरातून हलत नाही!"

बॅग परत माळ्यावर गेली.

आता मी रोज कामावर जाते. परवा सकाळी नवरा वादाने इतका थकला होता, की म्हणाला, "बरं बाबा, अली तर अ..."

निकाल लागला, की बॅग माळ्यावरून खाली! पायात चपला सरकवत मी अगदी भोळेपणाने विचारलं, "पण अलीच्या आधीचा तो बॉक्सर मार्सियानो म्हणे एकदाही हरला नव्हता?"

"छे!" दोघेही एकदम ओरडले.

मी अलगद दार ओढून घेतलं.