जिल्ह्यातील एकमेव बेट

नगर जिल्ह्याला समुद्र नाही, ही बाब नव्वदच्या दशकाच्या मध्यावर झालेल्या एका बैठकीत प्रथमच अधिकृतपणे निदर्शनास आली. लोकांना ती आधीपासून माहीत होती. पण माहीत असणं वेगळं आणि निदर्शनास येणं वेगळं. निदर्शनास आलेल्या गोष्टीवर उपाययोजना करावी लागते. त्यातून आप्पासाहेबांच्या मनात फार दिवस एक गोष्ट सलत होती. पुण्या-मुंबईचे लोक गाड्या भरभरून भंडारदऱ्याला जातात आणि आपल्या सावरखडक धरणाकडे ढुंकूनही बघत नाहीत, म्हणजे काय! आप्पासाहेब हे 'सावरखडक जलविहार व बेट विकास समिती'चे अध्यक्ष. समिती त्यांनीच काढली होती, त्यामुळे अध्यक्षपदाचा वाद उद्भवला नव्हता. जलपर्यटनाची योजना आली, समितीला क्रूझ मंजूर झाली. क्रूझ म्हटली की ती कुठंतरी जायला हवी, म्हणून पुढच्या बैठकीत बेटही मंजूर झालं.

बेट तयारच होतं. धरण झालं तेव्हा सावरखडक गाव पाण्याखाली गेलं आणि गावामागची टेकडी तेवढी वर राहिली. टेकडीवर गावातल्या ख्रिस्ती वस्तीचं कब्रस्तान होतं. जिवंत माणसांना ट्रकात घालून तिकडं मिरजगावच्या माळावर सोडण्यात आलं आणि मेलेल्यांना चारी बाजूंनी पाण्याचा देखावा मिळाला. सरकार कुणाचं कसं भलं करील, सांगता येत नाही.

त्या मेलेल्यांत अंजी होती. नाव एंजेला, पण हाक अंजी. शांतवन मास्तर आणि कृपाबाईंची एकुलती एक लेक. गोवरानं गेली तेव्हा पाच वर्षांची होती, आणि दुसऱ्याच वर्षी पाणी आलं. सावरखडकची रीत अशी, की ईस्टरच्या आठवड्यात आपापल्या माणसाच्या कबरीला चुना लावायचा, झेंडूचा हार घालायचा, मेणबत्ती लावायची. कृपाबाईंना ती रीत एकदाच पाळता आली. पुढं धरणाच्या पाण्यात उतरायला बंदी झाली, नाव नाही, होडी नाही. तरी पंचवीस वर्षं दर ईस्टरला त्या चुना भिजवायच्या आणि मिरजगावच्या घराच्या ओट्याला लावायच्या. ओटा आधीच पांढरा असला तरी लावायच्या.

अशात वर्तमानपत्रात जाहिरात आली: 'चला क्रूझने, जिल्ह्यातील एकमेव बेटावर!' मास्तरांनी ती वाचून दाखवली. कृपाबाई भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला.

"अहो," त्या म्हणाल्या, "म्हंजी आता जाता येतंय?"

"येतंय असं छापलंय तरी."

"मग चला. माझे गुडघे अजून चालतायत तोवर चला."

ईस्टरच्या आदल्या शनिवारी दोघं एसटीनं निघाले. पिशवीत चुन्याचा डबा, कुंचला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला झेंडूचा हार आणि मेणबत्ती. नगरला गाडी बदलून धरणाच्या फाट्यावर उतरले, आणि समोर बघतात तर काय, पाणीच नाही! दोन वर्षं पाऊस दगा देत होता. धरणाचा तळ तडे जाऊन पडला होता आणि त्यात ती टेकडी निवांत उभी होती. पाच मिनिटांची वाट. त्या वाटेनं शेळ्या चरत चालल्या होत्या. कृपाबाईंनी पदर खोचला आणि निघाल्याच.

"ओ मावशी! थांबा, थांबा!" दोरी बांधून बसलेला चौकीदार शिट्टी वाजवत धावत आला. जवळ आल्यावर त्यानं शिट्टी तोंडातून काढली आणि एकदम वाकून मास्तरांच्या पाया पडला. सूर्यभान! मास्तरांचा सावरखडकच्या शाळेतला विद्यार्थी. आता केस पांढरे झाले होते.

"सूर्यभान, बरा आहेस ना? आम्ही अंजीकडं निघालोय रे."

"व्हय मास्तर, पन इकडनं जाता येत न्हाई. बेट हाय त्ये."

"अरे, पाणी कुठंय?"

"पानी न्हाई, पन बेट हाय. मंजुरी हाय. बेटावं फकस्त क्रूझनंच जायचं, असा नेम हाय."

"आणि त्या शेळ्या?"

"शेळ्या पर्यटक न्हाईत, मास्तर."

मास्तर पुढं सरकले तेव्हा त्यांना टेकडीभोवती खणलेला एक चर दिसला. रुंदी एवढी की शेळी सहज उडी मारून पलीकडं जाईल. चरात घोटाभर गढूळ पाणी होतं.

"हे काय?"

सूर्यभान जरा ओशाळला. "तुमीच शिकिवलं हुतं न्हवं का चौथीत? चारी बाजूंनी पान्यानं येढलेल्या भुईला बेट म्हनत्यात. तपासनीला सायेब आलं, त्यांनी पानी इचारलं. मग आप्पासायबांनी चर खांदला. रोज सकाळी टँकर येतो आन् समुद्र भरतो."

"कुठला टँकर?"

"पलीकडच्या वाडीला प्यायचं पानी घिऊन यायचा, त्योच की. वाडीच्या बाया हंडे घिऊन येत्यात हितं, त्यास्नी हाकलायचं काम बी माज्याकडंच हाय. समुद्राचं पानी चोरनं हा गुन्हा हाय म्हनं."

सूर्यभाननं हात जोडले. नोकरी जाईल, लेकराबाळांचा माणूस आहे, असं म्हणाला. मास्तरांनी आयुष्यभर मुलांना नियम पाळायला शिकवलं होतं. त्यांनी कृपाबाईंचा हात धरला आणि दोघं वळसा घालून धक्क्याकडं निघाले. घ्या! स्वतःच्या लेकीला भेटायला तिकीट काढून जायची वेळ आली, आणि तरीही माणसं रांगेत उभी राहिली.

धक्का दिमाखदार होता. वर कमान, कमानीवर दोन सिमेंटचे डॉल्फिन, खाली धूळ. क्रूझही झोकदार होती, पांढरीशुभ्र, वर पताका. फक्त ती उसाच्या ट्रॉलीवर ठेवली होती आणि पुढं ट्रॅक्टर जुंपला होता. गळीत हंगाम संपला की कारखान्याचे ट्रॅक्टर मोकळेच असतात. ट्रॅक्टरवाल्यानं पांढरी टोपी घातली होती आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'कॅप्टन' लिहिलं होतं.

सगळ्यांना नारिंगी जॅकेटं बांधण्यात आली. ती बांधल्याशिवाय इंजिन सुरू होणार नव्हतं. गाईड होती वृषाली नावाची मुलगी, पुण्याला सात दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेली. ती म्हणाली, "कृपया हात बाहेर काढू नका. पाण्यात उतरण्याचा प्रयत्न करू नका. बुडाल्यास समिती जबाबदार नाही."

भोंगा वाजला. ट्रॅक्टरनं धूर सोडला. क्रूझ निघाली.

टेकडी खरं तर समोरच होती. पण तिकिटावर तासाभराचा सागरी प्रवास लिहिला होता आणि समिती ग्राहकाला फसवणारी नव्हती. म्हणून क्रूझ टेकडीला फेऱ्या मारत राहिली. ट्रॉलीच्या हेलकाव्यानं सावेडीहून आलेल्या एका बाईंना खरोखरची बोट लागली, आणि त्यांच्या यजमानांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. हे यजमान गळ्यात भारी कॅमेरा अडकवून आले होते आणि दिसेल त्याचा फोटो काढत होते.

दर फेरीला टेकडीच्या उतारावरचा तो चौकोनी दगड दिसायचा आणि मागं पडायचा. कृपाबाई मान वळवून वळवून बघत होत्या. "तीच ना हो? चिंचेच्या खुंटाशेजारची?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या आणि मास्तर पुन्हा पुन्हा 'तीच' म्हणत होते.

एका जागी ट्रॉलीला जोरात धक्का बसला. खाली काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या.

"आत्ता आपण जिल्ह्यातल्या सर्वांत खोल पाण्यावर आहोत," वृषाली म्हणाली.

"ही माझी शाळा आहे," मास्तर म्हणाले.

"आजोबा, प्रश्न शेवटी घ्यायचे आहेत."

बेट आलं. चरावर फळी टाकण्यात आली आणि सगळे किनाऱ्यावर उतरले. टेकडी ओळखू येत नव्हती. नारळाची झाडं लावली होती, ती नारळाला न पटल्यामुळं काठ्या होऊन उभी होती. इतर कबरींचे दगड काढून बसायला बाकं केली होती. अंजीचा दगड मात्र जागेवर होता. त्याच्याभोवती साखळी, आणि पाटीवर 'राजकन्येची समाधी'.

"फार वर्षांपूर्वी," वृषालीनं पाठ म्हणायला सुरुवात केली, "एक राजकन्या आपल्या दर्यावर्दी प्रियकराची वाट पाहत या बेटावर..."

कृपाबाईंनी ती गोष्ट ऐकली नाही. सावेडीचे गृहस्थ साखळी ओलांडून दगडावर पाय देऊन उभे होते आणि त्यांची बायको फोटो काढत होती.

"अहो," कृपाबाई मास्तरांचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "अंजीच्या अंगावर पाय दिलाय हो त्यांनी."

मास्तर आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "उतरा खाली! ती माझी मुलगी आहे!"

गडबड ऐकून आप्पासाहेब मांडवातल्या खुर्चीवरून उठून आले. त्यांनी मास्तरांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"मास्तर, तुमच्या भावना पोचल्या," ते म्हणाले. "पण अडचण समजून घ्या. मंजुरी आहे ती निर्मनुष्य बेटाची. इथं तुमची मुलगी आहे म्हटलं, की इथं माणसं होती असं होतं. माणसं होती म्हटलं, की बेट निर्मनुष्य राहत नाही. उद्या योजना रद्द. मग क्रूझ परत. मग तुम्ही तरी इथं कसे येणार?"

"आणि राजकन्या होती, ते चालतं?"

"राजकन्या ऐतिहासिक असते. इतिहासाला माणसांत धरत नाहीत."

हे बोलणं चालू असताना कृपाबाई साखळीखालून वाकून आत गेल्या होत्या. गुडघे टेकून त्यांनी पदरानं दगडावरची धूळ पुसली, बुटाचा ठसा पुसला, डब्यातला चुना कुंचल्यानं लावायला घेतला. ओठ हलत होते. प्रार्थना करत होत्या की लेकीशी बोलत होत्या, कोण जाणे. मेणबत्ती पेटवली, हार घातला, आणि मग त्यांना रडू फुटलं. पंचवीस वर्षांचं होतं, जरा वेळ चाललं.

"ऐतिहासिक वास्तू विद्रूप करताय!" समितीचा एक सदस्य ओरडला. वृषाली घाबरली. गर्दी तिच्याकडं बघत होती, आणि प्रशिक्षणात सांगितलं होतं की गाईडनं कधी गप्प राहायचं नसतं.

"आणि ही," ती चाचरत म्हणाली, "ही इथली जिवंत परंपरा आहे. राजकन्येच्या दाईचे वंशज आजही... दर वर्षी..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅमेरे निघाले.

"मावशी, इकडं बघा!"

"मावशी, तो कुंचला परत एकदा फिरवा ना, आमचा फ्लॅश लागला नाही!"

मास्तर आडवे आले, त्यांना एका बाईनं हळूच दंडाला धरून फोटोच्या चौकटीबाहेर केलं. आप्पासाहेब मात्र टाळ्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, बाईंना रोज येता येईल? रोज नको, दर रविवारी. क्रूझ मोफत. अकराच्या फेरीला हा कार्यक्रम. राजकन्येची लेक म्हणा, दाई म्हणा, काय म्हणायचं ते आम्ही म्हणू. तुम्ही कुणाला काही सांगायचं नाही, एवढंच."

मास्तर म्हणाले, "लाज वाटत नाही?" "चल कृपा."

कृपाबाई उठल्या नाहीत. चुन्याचे हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या.

"मी येईन," त्या म्हणाल्या.

"कृपा!"

"अहो, घरी बसून ओट्याला चुना लावण्यापेक्षा हे बरं न्हवं का? काय म्हणायचं ते म्हणू द्या त्यांना. ती मला ओळखती."

नियम, व्याकरण, भूगोल, मास्तरांना येत होतं त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. ते तिच्याशेजारी खाली बसले.

पुढं पाऊस झाला, धरण भरलं, टँकर वाडीला परत मिळाला, क्रूझ पाण्यात तरंगायला लागली. कार्यक्रम जोरात चालला. अडचण एकच आली. दगड पांढराशुभ्र, मग पुढच्या रविवारी चुना लावायचा कशाला? समितीनं ठराव केला. त्यानुसार दर शनिवारी संध्याकाळी सूर्यभाननं समाधीला चिखल फासायचा, म्हणजे रविवारी परंपरा ताजी दिसते. सूर्यभान फासतो. फासताना आधी टोपी काढतो आणि म्हणतो, "अंजे, माफ कर गं पोरी." रविवारी कृपाबाई तो चिखल धुतात, चुना लावतात. मास्तर गर्दीत मागं उभे राहतात, नारिंगी जॅकेट घालून.

तुम्हीही गेला असालच तिथं, नाही का? मुलांना सुट्टी लागली की जायला बरी जागा आहे. कपाटातला अल्बम काढून बघा. पांढऱ्या दगडाशेजारी तुम्ही उभे आहात, मुलं साखळीला लोंबकळतायत, आणि मागं एक म्हातारी गुडघ्यांवर बसलीय. तिनं कॅमेऱ्याकडं पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला तो फोटो फारसा आवडला नव्हता. निघताना वृषालीनं अभिप्रायाची वही पुढं केली, तेव्हा तुम्ही लिहिलंही होतंत: बेट उत्तम, चहा ठीक, फक्त त्या बाईंना जरा हसायला सांगावं.

समितीनं सूचनेची नोंद घेतली आहे. पुढच्या रविवारपासून त्या हसतात.