दोन बाणांचं बटण

कार्यालयाच्या गाडीत नवा स्टिरिओ बसवण्यात आला, ही बाब तशी किरकोळ होती. ती गंभीर झाली बटणांमुळे. बटणं भरपूर, आणि सोबतची पुस्तिका कोणालाच न येणाऱ्या भाषेत.

मोठ्या साहेबांनी मागच्या सीटवरून विचारलं, "यातलं कोणाला काही कळतं का?"

पुढे उपअधीक्षक बसले होते. त्यांच्या बढतीची शिफारस साहेबांच्या हातात होती, आणि अशा दिवसांत 'कळत नाही' हे शब्द माणसाच्या तोंडून निघत नाहीत. "त्यात काय, साहेब," म्हणत त्यांनी एकमेकांमागे धावणाऱ्या दोन बाणांचं बटण दाबलं. "हे दोन्ही बाजूंनी आवाज येण्याचं." आवाज खरोखरच दोन्ही बाजूंनी येत होता. विषय संपला.

गाणं एका पाखराचं होतं. आधी बासरी, मग पाखरू, मग उसासे. संपलं, तोच पुन्हा बासरी. पाखरू पुन्हा निघालं. उपअधीक्षकांनी हळूच मागे पाहिलं, तर साहेब डोळे मिटून बसलेले. आवडलेलं दिसतंय, असं ताडून तेही मान डोलवू लागले. ड्रायव्हरने ती मान पाहिली आणि साहेब लोकांच्या आवडीला हात लावायचा नाही, असं मनाशी ठरवून टाकलं.

ड्रायव्हरकडून ही आवड शिपायाला कळली, शिपायाकडून हिशेब विभागाला. महिनाभरात टेलिफोनवर ताटकळणाऱ्या नागरिकांना बासरी ऐकू येऊ लागली. वार्षिक संमेलनात टंकलेखकांनी पाखरू समूहस्वरात उडवलं. त्यात न गाणाऱ्या एका कारकुनाला अलिप्त वृत्तीबद्दल तोंडी समज देण्यात आली.

उपअधीक्षकांची अवस्था मात्र बिकट झाली. बासरी घरीही त्यांच्या डोक्यात वाजत राही. "अहो, निदान जेवताना तरी उसासे टाकू नका," असं बायको म्हणायची. एकदा बढती होऊ दे, मग त्या पाखराची मानच मुरगाळतो, असं ते तिला सांगत आणि सकाळी गाडीत बसून ठेका धरत.

अखेर साहेबांची बदली झाली. त्यांना स्टेशनवर सोडायचं आणि तिथेच रेल्वेने येणाऱ्या नव्या साहेबांना घेऊन यायचं, असं ठरलं. वाटेत साहेबांनी घसा खाकरला.

"आता जातोच आहे म्हणून विचारतो. तुम्हाला या गाण्यात एवढं काय सापडलं?"

"मला? साहेब, मला वाटलं, तुम्हाला..."

"मला?" साहेब थकून हसले. "पहिल्या दिवशी डोळे मिटले ते डोकं ठणकत होतं म्हणून. उघडले, तर तुम्ही मान डोलवत होता. म्हटलं, चांगला माणूस आहे, कशाला मन मोडा." मग आवाज उतरवून म्हणाले, "रागावू नका. शिफारस मी दुसऱ्याची केली. एका गाण्यापुढे जो सरकत नाही, तो खातं काय पुढे नेणार?"

स्टेशनवर एक साहेब उतरले, दुसरे चढले. बासरी चालूच होती. उपअधीक्षकांचा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला, कारण आरशात नवे साहेब मान डोलवत होते. ड्रायव्हरची मान सवयीने हलत होती आणि ती पाहून, पहिल्याच दिवशी वाईटपणा कशाला, असा विचार नव्या साहेबांनी केला होता.

"वा," नवे साहेब म्हणाले.

"आवडेल असं वाटलंच होतं, साहेब," उपअधीक्षक म्हणाले.

तुम्ही हसलात, हरकत नाही. पण तुमच्या घरीही समोरच्याची आवड म्हणून वर्षानुवर्षं काहीतरी चाललेलं असेल. ते कोणाला आवडतं, हे एकदा विचारून बघा. आणि बटण कोणी दाबलं होतं याचा शोध घेऊ नका. बहुधा तुम्हीच सापडाल.